फोन ठेवल्यावर दिसलेलं नाव

देव हाकेला धावतो, असं मी दहा जणांना सांगत असे. पण भोकरदनच्या बसस्थानकावर आई चुकली, तेव्हा माझा सगळा विश्वास पातळ झाला. आम्ही जालनामार्गे जांब समर्थला रामाच्या दर्शनाला निघालो होतो. मी नारळ घ्यायला गेलो आणि आई भलत्याच, टेंभुर्णीच्या बसमध्ये जाऊन बसली. चूक कळल्यावर कुठल्याशा फाट्यावर उतरली. तिला साखरेचा आजार, जेवणाची वेळ टळलेली आणि डबा माझ्या पिशवीत.

तिच्याजवळ माझा जुना मोबाइल होता, बॅटरीची शेवटची काडी उरलेला. कुठे आहेस विचारलं तर म्हणाली, "इथं एक बाभूळ हाय, आन् मी हाय." पाटी नाही, माणूस नाही. "ठेवू नकोस, ठेवू नकोस," असं ओरडून मीच ती बॅटरी संपवत होतो.

शेजारी घोंगडीवाला एक मेंढपाळ बसला होता. म्हणाला, "कट करा ना साहेब. जो टावर फोनला धरतो त्याच्या गावाचं नाव पडद्यावर येतं. पर बोलून राह्यलं की दिसत न्हाई. मी मेंढरं कुठं नेली ते घरी असंच सांगतो."

फोन ठेवायला मन होईना. शेवटी आईला म्हटलं, अकरा वेळा रामनाम घे, तोवर पडद्यावरचं पहिलं अक्षर बघून ठेव, मी परत लावतो. माझी अकरा नामं कशीबशी उरकली. तिची व्हायची होती, म्हणून तिने फोनच उचलला नाही. तेवढ्या वेळात मी उरलेले सगळे देव आठवले.

दुसऱ्यांदा उचलला. तिला इंग्रजी येत नाही. "आधी खांबावर आडवं लाकूड व्हतं. मंग ते गेलं, आन् खाली वळलेला आकडा आला." एवढं बोलली आणि फोन बंद पडला.

मी तिचे शब्द सांगताच मेंढपाळ म्हणाला, "लाकूड म्हंजे टेंभुर्णीचा टी, आकडा जाफराबादचा जे. फोन कधी ह्याला धरतो, कधी त्याला. बाई दोन्हीच्या मधात हायेत बराबर." स्थानकाबाहेरच्या एका जीपवाल्याला तो बाभळीचा फाटा ठाऊक होता, त्याने मला तिथे नेलं.

आई बाभळीखाली निवांत बसली होती. मला रडू आवरेना. ती डबा उघडत म्हणाली, "रामानं दोन अक्षरं दावली. तू एवढा शिकलेला, तुला कळाया इतका येळ?"

त्या मेंढपाळाचं नाव विचारायचं राहिलं. रामाने माझ्या शेजारी त्यालाच का बसवलं, याचा मी कीस पाडत नाही. फक्त आता देवापुढे फार वेळ बोलत नाही. गाऱ्हाणं सांगतो आणि फोन ठेवतो. त्यालाही काही दाखवायचं असेल.