फुटपाथकडची काच

पालिकेच्या नकाशा विभागात सगळे तिला काचताई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. बाजारपेठेत दुकान बांधायचं तर नकाशा हिच्या टेबलावरून जाणार, आणि ही आधी फुटपाथची बाजू बघणार. दार रस्त्याकडे हवं. तळमजल्याला गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत काच हवी, आणि त्या काचेतून आतलं दिसायला हवं. कोरी भिंत काढलीत की नकाशा परत. नियम छापलेला होताच हो, पण तो पाळून घेणारी ही एकटीच. बिल्डरांच्या नाकी नऊ यायचे.

मंजुरीआधी ती त्या रस्त्यावरून चालून यायची, म्हाताऱ्या आईला घेऊन. दुकानं उघडी दिसत तिथे आई काठी टेकून थांबायची, आत डोकवायची, दुकानदाराला एखादा टोमणा मारायची, आणि असं करत अख्खी पेठ पार करायची. भिंत लागली की मात्र चार पावलांत म्हणायची, "पाय दुखतात गं, घरी चल." आई गेली, तरी काचताईने हे चालणं सोडलं नाही.

मग एक दिवस थोरल्या भावाचाच नकाशा आला. दादा धंद्याने शिंपी. जुनं दुकान पाडून नवं बांधणार होता, आणि रस्त्याच्या बाजूला चक्क भिंत, वर हवेपुरता झरोका. तिचं डोकंच फिरलं. नकाशा परत पाठवून संध्याकाळी ती दुकानात जाऊन थडकली.

"दादा, लोक म्हणतील, हिने भावाला सूट दिली."

"म्हणू देत. मला भिंत हवी."

"का पण?"

दादाने सुई उचलली, दोरा उचलला. दोरा सुईच्या आसपास नुसता नाचत राहिला.

"हे आता सगळ्या पेठेला दाखवू?" तो म्हणाला. "शिंप्याचा हात थरथरतो म्हटल्यावर कापड कोण टाकणार माझ्याकडे?"

इतकी वर्षं तिने चालणाऱ्यांचाच विचार केला होता. काचेच्या आत बसणारा कधी मनातही आला नव्हता. सही करणं तिच्या हातात होतं, आणि एका भिंतीने काही पेठ बुडत नव्हती. पण आईचे पाय आठवले.

"भिंत मला मंजूर करता येणार नाही," ती कशीबशी म्हणाली. "तू टेबल मागे घे. दुकान दिसलं की झालं, तू दिसायला हवास असं कुठे आहे?"

दादाने काच लावली. बांधकाम चाललं तोवर मात्र तो बहिणीशी एक शब्द बोलला नाही. रस्त्यात दिसली तरी मान वळवायचा. तिला फार लागलं ते.

दुकान उघडलं त्या सकाळी ती भीत भीतच गेली. बघते तर टेबल अगदी काचेला लावलेलं, आणि दादा सुईत दोरा ओवतोय. हात थरथरत होता. फुटपाथवर दोघं-तिघं थांबून बघत होते. तिला राहवेना. ती पुढे गेली, काचेला पाठ लावून दादाच्या बरोबर समोर उभी राहिली आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागली.

आतून टकटक झाली. मग दार उघडून दादाने डोकं बाहेर काढलं.

"बाजूला हो ना. उजेड अडवतेस."

"तुला टेबल मागे घे म्हटलं होतं..."

"मागे अंधार असतो. इथे उशिरा का होईना, दोरा ओवला जातो."

काचताई बाजूला झाली.