रेलिंगचा हलवा

टिटवाळ्याच्या आमच्या बिल्डिंगमधलं जिन्याचं रेलिंग माझ्या नवऱ्याने केलंय, हे मी राहायला आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तोंडाला आवर नाही, दुसरं काय. त्याची विठ्ठलवाडीला फॅब्रिकेशनची शेड आहे, आणि बिल्डरने आमच्या विंगचं काम त्यालाच दिलं होतं. शेजारची बी विंग तेव्हा अजून उभी राहत होती.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद, त्यामुळे काळ्या साड्यांमधल्या बायका जिन्याने वर आल्या. समोरच्या वहिनींचा पदर रेलिंगच्या खालच्या अंगाला अडकला आणि टर्रकन फाटला. त्यांनी तिथे बोट फिरवून बघितलं. वेल्डिंग करताना उडालेले लोखंडाचे बारीक दाणे पाइपाला चिकटून राहिले होते आणि वरून रंग बसल्यामुळे पक्के झाले होते. माझ्या हातात हलव्याची वाटी होती. तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "अहो, यंदा हलवा तुम्ही रेलिंगलाच लावलात की."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कानशिलं तापली होती. त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये त्याचं नावच पडलं, हलवा रेलिंग. बी विंगचं काम कोणाला द्यायचं हे बिल्डर आमच्या कमिटीला विचारून ठरवणार होता. म्हणजे ते हातचं गेल्यातच जमा होतं.

घरी मी नवऱ्यावर नको तितकी चिडले. तो शांतपणे म्हणाला की त्या लाइनीत सगळ्यांचंच काम असं होतं, दिसतात ते दाणे घासून काढतात, खालचे राहून जातात. दुसऱ्या दिवशी कानस घेऊन तो जिन्यात बसला. जाणारे-येणारे त्याला ओलांडून जात होते. मी दार लावून घेतलं.

खरी गोम नावातच होती. शेडमध्ये वेल्डिंगच्या मशीनला 'सीओटू' म्हणतात, कारण वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून वेल्डिंगच्या तारेभोवती तो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस सोडतात. आणि 'आर्गॉन' या दुसऱ्या गॅसचं नाव घेतलं की स्टीलचं काम. इतकी वर्षं नवऱ्याच्या डोक्यात हे दोन वेगळे धंदे होते. साध्या लोखंडाला दोन्हींचा मिळून गॅस लावतात, हे गॅस एजन्सीच्या माणसाने सांगितलं तेव्हा त्याला ती थट्टाच वाटली. तरी त्याने एक सिलिंडर मागवला. बहुतेक आर्गॉन, थोडा सीओटू.

मला मुद्दाम शेडवर नेऊन दाखवलं. आधी नुसत्या सीओटूवर मोहरी तडतडावी तसे ठिणग्यांचे शिंतोडे उडाले. मग मिक्स लावला, तर आवाज एकसारखा, धूर कमी, पातळ पाइपाला भोक पडलं नाही आणि सांधा गुळगुळीत. महाग पडतो, तो म्हणाला, पण घासायचं काम जवळजवळ वाचतं. जाड प्लेटला मात्र तो अजून जुनाच गॅस लावतो.

त्या गॅसवर जोडलेला रेलिंगचा एक तुकडा, रंग न देता, त्याने कमिटीपुढे ठेवला. समोरच्या वहिनीही कमिटीत होत्या. त्यांनी आपला पदर पाइपाच्या वरून, मग खालून ओढून बघितला. तो कुठेच अडकला नाही. काम मिळालं. मी मात्र अंग चोरूनच बसले होते, जणू तपासणी माझीच चालली होती.

बी विंगचं रेलिंग लागलं त्या दिवशी त्याने मला बघायला नेलं. वरच्या मजल्यापासून आम्ही चालत खाली यायला लागलो. मी किती सुबक झालंय, रंग किती छान आलाय, असं बडबडत होते. दोन जिने उतरल्यावर तो थांबला.

"आता तरी भिंत सोड गं," तो म्हणाला.

मी बघितलं. माझा हात भिंतीवर होता. संक्रांतीपासून मी आमच्या जिन्यातही अशीच, त्याच्या रेलिंगला न शिवता, भिंतीच्या कडेने चढत-उतरत होते. मला वाटायचं, हे कोणाच्या लक्षात आलं नसेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेलिंग धरून खाली उतरले, पण त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.