वॉरंट कुठंय?

माझे एनॉकमामा वेस्टकॉट गावात पिंपं बनवायचे. बोलणं बेताचं, हात सदा फळ्यांवर. मी त्यांच्याकडेच वाढले. त्या वर्षी गावसभेनं त्यांना कॉन्स्टेबल निवडलं होतं. सभा भरायची असली की काळी काठी घेऊन घरोघर सांगत जायचं, हे त्यांचं काम.

अमेरिकेतल्या आमच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा कारभार इंग्लंडच्या राजाच्या सनदेवर चालायचा. गव्हर्नर राजाचा, पण कर ठरवणारी असेंब्ली आमची. गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातली माणसंही तीच निवडायची. १७७४च्या उन्हाळ्यात लंडनच्या पार्लमेंटनं ती सनदच मोडली. मंडळावर राजा आपली माणसं नेमणार, आणि गव्हर्नरनं हो म्हटल्याशिवाय गावसभा भरवायची नाही. आमच्या गावातून नेमणूक झाली ती वॉड्रपसाहेबांची. गिरणीचे मालक, आणि गावचे न्यायाधीशही तेच.

पंचांनी तरीही सभा बोलावली. मामा काठी घेऊन निघणार, एवढ्यात वॉड्रपसाहेब दारात.

"एनॉक, तू राजाच्या नावानं शपथ घेतली आहेस."

"घेतली, साहेब. त्याच शपथेत गावचं काम करीन असंही म्हटलंय."

"कायदा बदललाय रे बाबा."

"बदलताना आम्हाला कुणी विचारलं? तिथं आमचा एक तरी माणूस बसतो का?"

"मग मला वॉरंट काढावं लागेल."

"काढा की. तुमचं कामच आहे ते."

सभा झाली. वॉरंट निघालं, मामांना धरून नेलं. हिटीमामी रोज जेवण घेऊन तुरुंगापर्यंत चालत जायची. पण नव्या कायद्याखाली ज्युरीत बसायला कुणी तयारच होईना. कोर्टच बंद पडलं, आणि तुरुंगाच्या जमादारानं मामांना सोडून दिलं. ते घरी आले ते छातीत खोकला घेऊनच.

अजून ते नीट चालूही लागले नव्हते, तोच एका दुपारी रस्त्यावर आरडाओरडा ऐकू आला. असाहेल लोहार पुढे, मागे निम्मं गाव. हातात कढत डांबराची बादली, खांद्यावर पिसांची गोणी: राजाच्या माणसाला डांबर फासून वर पिसं चिकटवायची, अशी तेव्हा जमावाची शिक्षा असायची. निघाले होते वॉड्रपसाहेबांकडे.

मामांनी काठी उचलली. मामी आडवी आली. "ज्यानं तुम्हाला कोंडलं, त्याच्यासाठी? वेड लागलंय का?"

"बाजूला हो, हिटी."

मी त्यांच्यामागे पळाले. मामा कुंपण ओलांडून आधीच पोचले होते आणि वॉड्रपांच्या दाराला पाठ लावून उभे होते, धापा टाकत.

"हो बाजूला, एनॉक," असाहेल म्हणाला. लहानपणापासूनचे दोस्त दोघं. "तुझंच उट्टं काढतोय."

"वॉरंट कुठंय?"

"काय?"

"वॉरंट. कुणाच्या सहीनं आलास?"

गर्दी हसली. कुणीतरी ओरडलं, "राजाचा कुत्रा झाला की हा!"

"त्यानं मला धरलं ते वॉरंट काढून," मामा म्हणाले. "आणि तुम्ही बादली घेऊन आलात. त्याला मंडळ सोडायला सांगायचंय, सांगा. मीही सांगतो. पण अंगाला हात लावायचा असेल तर आधी ज्युरी बसवा."

मागून कुणीतरी ढकललं, की असाहेलचाच तोल गेला, मला आजही सांगता येणार नाही. कढत डांबर मामांच्या डाव्या हातावर सांडलं. ते ओरडले, पण दार सोडलं नाही. असाहेल बादली टाकून नुसता बघत राहिला. मग आतून दार उघडलं. वॉड्रपसाहेब पांढरेफटक पडले होते. पायरीवर उभं राहून त्यांनी मंडळ सोडल्याचं जाहीर केलं. त्याच आठवड्यात ते बायकामुलांसह बॉस्टनला गेले, ते कायमचे.

मामांच्या बोटांत पुन्हा जोर आला नाही. पिंपांचं काम सुटलं. मार्चच्या सभेत त्यांना कॉन्स्टेबल निवडायला कुणी हात वर केला नाही. मामी पाव भाजून विकू लागली, आणि त्यावर घर चाललं. रस्त्यात लोक तोंड फिरवायचे. असाहेलही फिरवायचा, रागानं नव्हे.

सहा वर्षांनी, राजाशी लढाई चालू असतानाच, आमच्या राज्याची नवी घटना गावापुढे आली. कलमं एकेक करून वाचली गेली. कायद्याशिवाय कुणाला धरायचं नाही, हे कलम आलं. मामांनी होकाराचा हात वर केला. नंतर मतदाराकडे किती मालमत्ता हवी, ते कलम आलं. तेवढी असाहेलकडे नव्हती. लढाईवरून तो एक पाय गमावून आला होता, भट्टी विकली होती.

मामा उभे राहिले. "कर भरतो तो, लढला तो. मग त्याला न विचारता कायदा कसा करायचा?"

आमच्या गावानं ते कलम नाकारलं. बाकीच्या बहुतेक गावांनी नाकारलं नाही. घटना लागू झाली, आणि पुढच्या निवडणुकीला असाहेलला दारातूनच परत पाठवलं. त्या दिवशी मामा मत देऊन सरळ त्याच्याकडे गेले. दोघं अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसले होते. काय बोलले, मामांनी कधी सांगितलं नाही.