बारा नंबरची खिडकी

आमच्या कामात फोन आपण आधी ठेवायचा नसतो. समोरचा ठेवेल तेव्हाच लाइन सुटते. माणसाला हे कळलं, की तो बोलतच राहतो, आणि आमच्याकडे किस्से साठत जातात. घरी सांगावेत तर घरच्यांना वाटतं, हा युरोपात राहतो. मी राहतो चंदीगडमध्ये. सांगलीहून इथे एम.ए. करायला आलो आणि जग बदलेपर्यंत पोटापाण्याची सोय म्हणून एका हॉटेल बुकिंग साइटच्या हेल्पलाइनवर बसलो. जग अजून तसंच आहे. मीही तिथेच बसलोय.

आमचा विभाग म्हणजे युरोपातली स्वस्त हॉटेलं. फ्लोअरवर आम्ही चाळीसेक जण, आणि त्यातल्या एकानेही युरोप पाहिलेला नाही.

* * *

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात व्हिएन्नाहून एका काकांचा फोन आला. खोली इतकी लहान, की एक तर बॅग उघडते नाहीतर दार!

"सर, सध्या काय उघडलंय?" मी इंग्रजीत विचारलं.

"बॅग! आणि मी बाहेर पॅसेजमध्ये उभा आहे. आम्ही तिघं आळीपाळीने आत जातो." एवढं बोलून ते मागे वळून ओरडले, "अगं, तुझं झालं का? मला पण बसायचंय जरा!"

मराठी ऐकून मला राहवलं नाही. "काका, मी बघतो काही होतंय का," म्हणालो.

"तुम्ही मराठी? अहो, मग तरी खोली मोठी करा!"

* * *

आम्हाला काही शब्द वापरायची बंदी आहे. 'जुनं' म्हणायचं नाही, 'ऐतिहासिक' म्हणायचं. 'लहान' नाही, 'आटोपशीर'. खिडकी नसेल तर 'आतल्या बाजूची शांत खोली'.

मला हे पटेना. एकदा एक बाई बुकिंग करण्याआधी म्हणाल्या, "खरं सांगा, खोली कशी आहे?" मी खरं सांगितलं. अंधारी आहे, लिफ्ट नाही, नळाला आधी गार पाणी येतं आणि नंतरही गारच येतं. बाईंनी माझे मनापासून आभार मानले आणि बुकिंग केलं नाही.

आमचे टीम लीडर ग्रेवाल सर यांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. आवाज चढवत नाही, फक्त उसासा टाकतो.

"अनिकेत यार, सच बोलने का इतना शौक है तो हाय कोर्ट चला जा. सेक्टर वन में है." मग थांबून म्हणाले, "वहां भी पहले पूछ लेना."

* * *

माझ्या शेजारच्या खुर्चीवर रोहिणीताई बसतात. मूळच्या अकोल्याच्या. यजमान इथल्या मोठ्या इस्पितळात टेक्निशियन, म्हणून चंदीगड, आणि चंदीगडात घर परवडेना, म्हणून शेजारचं झिरकपूर. आवाज असा, की चिडलेला माणूस दोन वाक्यांत खाली बसतो.

एकदा लिस्बनहून एक म्हाताऱ्या बाई रडत होत्या. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात दिवा आपोआप बंद झाला होता आणि त्यांना पुढचं मागचं काही दिसत नव्हतं. ताई म्हणाल्या, "मॅडम, डावा हात भिंतीवर ठेवा. आता हळूहळू वर. वळण आलं ना? तिथे कमरेएवढ्या उंचीवर एक बटण असेल." दिवा लागला. या जिन्याच्या इतक्या तक्रारी आम्ही ऐकल्या होत्या, की तो आम्हाला पाठ होता.

बाई म्हणाल्या, "तू इथलीच दिसतेस. जवळच राहतेस का?"

आम्ही कुठे बसतो हे सांगायला मनाई आहे. ताई म्हणाल्या, "हो मॅडम, जवळच."

त्या संध्याकाळी ताई झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये इतक्या अडकल्या, की लेकीने फोन करून विचारलं, "मम्मी, आप हो कहां?"

"जवळच," ताई म्हणाल्या.

* * *

प्रागला नदीपलीकडे एक छोटं हॉटेल आहे. ते हाना नावाची एक बाई एकटी चालवते. बुकिंग घ्यायला हानाच, करपलेला ब्रेड द्यायला हानाच, आणि पाहुण्यांशी भांडण झालं, की आम्हाला फोन करायलाही हानाच. तिचं इंग्रजी मोडकं, ताईंचंही जपून टाकलेलं. पण चार वर्षांत दोघींचं असं जमलं, की हानाचा फोन दुसऱ्या कुणाकडे लागला तर ती सरळ म्हणायची, "रोहिणी दे."

एकदा ती फार संतापली होती. बारा नंबरच्या खोलीसमोर चेस्टनटचं मोठं झाड आहे. पाहुणे निघून गेले ते खिडकी उघडी टाकून, आणि कबुतरं आत! "सगळे असेच! झाड बघायचं आणि खिडकी उघडी टाकायची! चादरी कोण धुणार?"

ताई हसल्या. "हाना, मी असते तर मीही उघडीच टाकली असती."

"तू ये," हाना म्हणाली. "तुला माफ."

लाइन सुटल्यावर ताईंनी हेडसेट उतरवला. मग मला म्हणाल्या, "अनिकेत, तिथून नदी दिसत नाही म्हणे. फक्त झाड. मला तर झाडच पायजे."

* * *

यंदा कंपनीने वर्षातल्या सर्वांत चांगल्या एजंटला बक्षीस ठेवलं. साइटवरच्या कुठल्याही हॉटेलात दोन रात्री. विमानाचं तुमचं तुम्ही बघा! बक्षीस ताईंना मिळालं. केक आला, टाळ्या झाल्या. ग्रेवाल सर म्हणाले, "रोहिणी जी, रोम लो, पॅरिस लो, ऐश करो!"

ताईंनी प्राग घेतलं. बारा नंबर. हाना फोनवर इतक्या जोरात किंचाळली, की माझ्या कानाला हेडसेट असूनही मला ऐकू आलं.

घरी लेकीने विचारलं, "मम्मी, सच्ची बताओ, आप वहां भी हाना आंटी की कंप्लेंट सुनोगी ना?"

ताईंनी नवा स्वेटर घेतला. बूट घेतले आणि सुखना लेकला फेऱ्या मारून ते पायाला बसवले. रजा मंजूर करून घेतली. मला विचारलं, "अनिकेत, हानासाठी काय नेऊ? गोडा मसाला चालंल का?" आयुष्यात पहिल्यांदा त्या एकट्या कुठेतरी निघाल्या होत्या.

* * *

चंदीगडमध्ये कुठल्याही सेक्टरच्या मार्केटात जा, परदेशी पाठवणाऱ्या एजंटची, विमानाचं चित्र असलेली पाटी दिसतेच. अख्खं शहर परदेशी जायच्या तयारीत असतं. त्यामुळे व्हिसाच्या काउंटरवर इथल्या माणसाकडे आधी संशयाने बघतात.

ताईंना विचारलं, "हेच हॉटेल का?"

"माझ्या ओळखीचं आहे."

"आधी राहिला आहात?"

"नाही."

"मग ओळख कशी?"

ताईंनी सांगितली. जिना कसा आहे, पहिली पायरी कशी तुटलेली आहे, गरम पाणी कधी येतं, झाड कुठे आहे. त्या जितकं सांगत गेल्या तितका समोरचा माणूस जास्त गंभीर होत गेला.

नकार आला. कारण छापील होतं: अर्जदार परत येईल याची खात्री वाटत नाही.

मी पेटलो. अपील करू म्हणालो. कंपनीकडून पत्र आणू, वरपर्यंत जाऊ. ग्रेवाल सरांच्या केबिनमध्ये घुसून म्हणालो, "जिथे पाठवता येत नाही तिथलं बक्षीस देताच कशाला?" त्यांनी उसासा टाकला. "अगली बार हो जाएगा जी."

ताईंनी मला खाली कॅन्टीनमध्ये नेलं, चहा पाजला.

"काहून चिडतो रे एवढा? नाही तर नाही."

"ताई, हा अपमान आहे!"

"आहेच बाप्पा." त्यांनी कप बाजूला सरकवला. "त्यांना वाटतं, मी तिथेच राहून जाईन. मला दोनच रात्री पायजे होत्या."

मी विचारलं, "हानाला कळवलंत?"

"नाही. तिनं पडदे धुतलेत म्हणे. कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग बुकिंग?"

"राहू दे तसंच. तारीख येईल अन् जाईल."

रजाही त्यांनी तशीच राहू दिली.

* * *

तारीख आली. ताईंची खुर्ची रिकामी होती. हानाचं रिसेप्शन दुपारी चारला बंद होतं, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. त्याच सुमारास तिचा फोन आला, आणि तो नेमका माझ्याकडे लागला.

"माझी पाहुणी आली नाही. रोहिणी कुठे आहे?"

अशा वेळी नियम असा, की हॉटेलला होल्डवर ठेवायचं आणि पाहुण्याच्या नंबरवर फोन करायचा. पाहुणा येत नसेल, तर खोली सोडून द्यायची. मी नियम पाळला.

बराच वेळ रिंग वाजली. मग फोन उचलला गेला. मागे झिरकपूरचे हॉर्न, त्यात कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.

"गुड इव्हनिंग मॅडम," मी म्हणालो. आमचे फोन रेकॉर्ड होतात. "आपल्या प्रागच्या बुकिंगबद्दल फोन केलाय. आपण आज पोचताय का?"

ताईंनी माझा आवाज ओळखला होता.

"हो," त्या म्हणाल्या, आपल्या हेल्पलाइनच्या स्वच्छ इंग्रजीत. "मी वाटेत आहे. खोली ठेवायला सांगा."

"उशीर होईल का मॅडम?"

"होईल."

पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. मी फोन ठेवू शकत नव्हतो, आणि त्या ठेवत नव्हत्या. मागून लेकीचा आवाज आला, "मम्मी, किसका फोन है?" तेव्हा लाइन सुटली.

मी हानाला होल्डवरून घेतलं. "पाहुण्या वाटेत आहेत," म्हणालो.

हाना म्हणाली, "बरं. किल्ली कुंडीखाली ठेवते. जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवते. तिला सांग, पहिली पायरी तुटलेली आहे."

"त्यांना माहीत आहे," मी म्हणालो.

रजा संपवून ताई परत आल्या, खुर्चीत बसल्या, हेडसेट लावला. त्या कुणाला तरी समजावत होत्या, "नाही सर, जुनं नाही, ऐतिहासिक." तेवढ्यात हानाचा फोन आला, पुन्हा माझ्याकडेच. टॉवेलांचं काहीतरी होतं. ते झालं. "रोहिणी दे" असं ती या वेळी म्हणाली नाही. फोन ठेवता ठेवता थांबली.

"तुमची ती पाहुणी," ती म्हणाली, "फार चांगली. आवाज नाही, तक्रार नाही. फक्त जाताना खिडकी उघडी टाकून गेली."