उबेची पिशवी घरी राहिली

बाळांनो, तुमच्याकडे थंड मुलखात गाडीत बसलं की हीटर लावणं रोजचंच. इथे सोलापुरात आमच्या गाडीचं ते बटण घेतल्यापासून कुणी फिरवलंच नव्हतं. त्या बटणापाशी मला जे मिळालं ते फोनवर घाईत सांगून संपायचं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आजोबांच्या न्यूमोनियानंतर माझं मन देवापासून जरा लांब गेलं होतं. दिवा लावत होते, पोथी वाचत होते, पण पलीकडे ऐकणारं कुणी आहे का, असं आत कुठेतरी वाटत राही. आजोबांनी मात्र दवाखान्यातच ठरवलं होतं, की बरं झाल्यावर पहिलं जायचं ते तुळजापूरला, देवीच्या पहाटेच्या पूजेला. डॉक्टरांनी परवानगी दिली ती एका अटीवर. छातीला गारठा लागता कामा नये. पुन्हा कफ धरला तर या वेळी अवघड जाईल. मग मी एक पिशवी भरली. शाल, कानटोपी, लोकरीचे मोजे, थर्मास, सगळं. माझं सामान तुम्हाला ठाऊक आहे.

अंधारातच निघालो. थंडी अशी, की गावाबाहेर पडताच आजोबा म्हणाले, "पाय गार पडलेत गं." मी मागच्या सीटवर हात घातला. पिशवी नव्हती. ती भवानी पेठेत, आपल्या जेवणाच्या टेबलावर होती. एवढ्या वर्षांत माझी पिशवी कधी घरी राहिली नव्हती, आणि राहिली ती नेमकी त्या दिवशी.

"इरण्णा, हीटर लाव," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"काकू, आपल्या सोलापुरात हीटर कोण लावतंय? गाडी घेतो तीच एसीसाठी की," तो हसला. पण त्याने बटण लाल खुणेकडे फिरवलं. वारा आला तो गारच. बराच वेळ गेला, गाडी चांगली तापली असणार, तरी गार. आजोबा म्हणाले, "हा हीटर तुझ्या माहेरचा दिसतोय. नुसतीच हवा." आणि खोकले. तो खोकला ऐकून मी खणातलं गाडीचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि चष्मा लावला. त्यात होतं, की इंजिनातलं गरम पाणीच हीटरमधून फिरतं. इंजिन तापूनही हवा गार येत असेल, तर पहिल्यांदा पाणी कमी झालं आहे का ते बघा.

"इंजिन तापल्याचा काटा तर बरोबर हाय की," इरण्णा म्हणाला.

"काटा असू दे. गाडी थांबव."

टॉर्च धरून पाहिलं, तर पाण्याची टाकी कोरडी ठणठणीत. जाड नळीची पट्टी सैल होऊन पाणी केव्हाचं गळून गेलं होतं, आणि काट्याला मोजायला पाणीच उरलं नव्हतं. इरण्णाचा चेहरा उतरला. "काकू, पुढं घाट हाय. तसंच चढवलं असतं तर इंजिनच गेलं असतं." आणि त्या घाटात, त्या वाऱ्यात, आजोबांना घेऊन मी कुठे उभी राहिले असते?

झाकण लगेच उघडायचं नसतं, वाफ अंगावर येते, म्हणून थांबणं भाग होतं. पूजेची वेळ टळत होती आणि आजोबा गारठत होते. तेवढ्यात शेजारच्या शेतातून बॅटरीचा उजेड हलत आला. शेतीची लाईट पहाटेच येते म्हणून एक बाई हरभऱ्याला पाणी देत होती. कपाळावर मोठं कुंकू, पदर खोचलेला, पाय चिखलात भरलेले.

"हितं का थांबलाय?" तिने विचारलं. मग गाडीत डोकावली. "अगं बया, म्हातारबाबाला असं उघडं बशिवलंय व्हय?" उत्तराची वाट न पाहता तिने अंगावरचं घोंगडं काढलं आणि आजोबांना डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळलं.

"अहो, तुम्हाला लागेल," आजोबा म्हणाले.

"मला कामानं घाम फुटलाय. गप बसा."

तिने शेतातल्या पंपाचं पाणी कळशीने आणून दिलं. इरण्णाने पट्टी आवळली, इंजिन निवल्यावर पाणी ओतलं, मग झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली आणि हीटर पूर्ण लावला. अडकलेली हवा बुडबुड करत निघाली, तसं आणखी पाणी घातलं. मी आत बसून हीटरच्या जाळीसमोर हात धरला होता. गार. गार. मग कोमट. आणि मग अशी ऊब आली, बाळांनो, की मी लहान मुलीसारखी ओरडले, "आली हो, आली!" आजोबांनी दोन्ही पाय पुढे केले आणि डोळे मिटले.

निघताना मी त्या बाईला म्हटलं, "देवीपुढे तुमच्या नावाने नमस्कार करते. नाव सांगा."

ती म्हणाली, "नाव कशाला? तिला ठावं हाय."

घोंगडं येताना द्या म्हणाली, तसेच घाट चढलो. पहाटेची पूजा चुकली ती चुकलीच. पण ऊन वर येत असताना दर्शन झालं, आणि घोंगड्यातले आजोबा हात जोडून उभे राहिले ते एकदाही न खोकता. परतताना घोंगडं द्यायला थांबलो. ती बांधावर भाकरी खात होती, अगदी साधी बाई, तुमच्या-माझ्यासारखीच. प्रसाद कपाळाला लावून म्हणाली, "काकडलेला माणूस तर चांगला फुललाय की."

दुपारच्या उन्हात गाडी सोलापूरला लागली तेव्हा इरण्णा घामाने निथळत होता. "काका, आता तरी हीटर बंद करू?"

"राहू दे रे थोडा," आजोबा म्हणाले.

घरी टेबलावर ती पिशवी तशीच होती, नीट गाठ मारलेली. ती गाडीत असती तर आजोबांचे पाय गार पडले नसते, ते बटण कुणी फिरवलं नसतं आणि आम्ही कोरड्या टाकीनिशी निर्धास्त घाटाला लागलो असतो. मी पिशवीला हात लावला आणि तिथेच खुर्चीवर बसून रडले. ऐकणारं कुणी आहे का, हे मी आता विचारत नाही. पिशवी अजूनही तशीच निगुतीने भरते. पण तिच्यात काही घालायचं राहून गेलं, तर आता मन घाबरं होत नाही. राहू देते.