कमरेला बांधलेला माग

दार कोणाचंही असो, मिस्तरी उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहायचे आणि विचारायचे, "आधी सांगून ठेवा, तुमच्याकडे काय चालत नाही?"

सुरतेच्या गोडादरा भागातल्या आमच्या खोलीवर पहिल्यांदा आले तेव्हाही हेच. आई गोंधळली. म्हणाली, "भाऊ, आमच्याकडे सगळं चालतं. पाहुण्यानं उन्हात उभं राहिलेलं तेवढं चालत नाही." ते हसत आत आले, पण आईनं जागा दाखवेपर्यंत बसले नाहीत.

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या ज्या कारखान्यात मिस्तरी आणि मी कामाला होतो, तिथं यंत्रमाग बनायचे. काही परदेशी जायचे. माग गेला की पाठोपाठ मिस्तरी जायचे, तो उभा करून चालू करून द्यायला. माणूस धुळ्याकडचा, सातवी शिकलेला. मी बी.कॉम. आमच्या सगळ्या भाऊबंदांत पहिला पदवीधर, हे मी आजही विचारल्याशिवाय सांगतो. त्यांचे व्हिसाचे फॉर्म मी भरायचो. खोटं कशाला बोलू, मनात यायचं, फॉर्म आम्ही भरायचे आणि विमानात हे बसणार.

केनियाहून परत आले तेव्हा शेडमधल्या कामगारांनी घेरलं.

"मिस्तरी, काय काय पाह्यलं?"

"लोक सकाळी उठून काय करतात ते."

"अन् सिंह?"

"त्याला मी दिसलो असेन. मला काय तो दिसला नाही."

सेठनं बरोबर कॅमेरा दिला होता. रोल धुतला तर सगळे फोटो मशीनचे. माणूस एकही नाही. म्हणाले, "लोक कामात होते. कामातल्या माणसाला 'इकडं बघ' कसं म्हणायचं?" खिशात मात्र एक लहान वही असायची. ज्या देशात जातील तिथले दोनच शब्द ते देवनागरीत लिहून घ्यायचे, आभाराचा आणि माफीचा.

मी एकदा डिवचलं, "मिस्तरी, आपण कामाला जातो. लग्नाला थोडेच जातो? एवढी विचारपूस कशाला?"

"इचारी लेवानं, भाऊ. त्यामा कसाना कमीपना शे?" ते म्हणाले आणि पान्हा शोधायला लागले.

मग इंडोनेशियाच्या एका लांबच्या बेटावर बारा माग गेले. तिथल्या मॅनेजरला इंग्रजी येत होतं, म्हणून सेठनं मला दुभाष्या केलं. पहिल्यांदाच विमानात बसलो. नवा कोट शिवून घेतला होता.

उतरल्या उतरल्या मिस्तरींनी मला त्यांचा प्रश्न विचारायला लावला. मॅनेजर सांगत गेला: डाव्या हातानं काही देऊ नका, लहान मुलाच्या डोक्याला हात लावू नका. मी ऐकलं आणि विसरलो. दुपारी मी फाइल पुढं केली तर मिस्तरींनी ती अलगद माझ्या डाव्या हातातून काढून उजव्यात ठेवली. माफीला तिथंही 'माफ'च म्हणतात, हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला! "ह्यो शब्द तर घरचाच निघाला," म्हणाले.

पहिला माग उभा राहिला. कामाला येणाऱ्या बाया भिंतीशी उभ्या होत्या. त्यांची पुढारी एक आजी. मिस्तरींनी माग चालू केला, हातभर कापड निघालं. त्यांनी ते कापलं आणि मागाला ओघळलेलं तेल खसाखसा पुसलं. सुरतेच्या कुठल्याही शेडमध्ये जा, पहिल्या चिंधीचं हेच होतं.

आजीनं तोंड फिरवलं. ती निघाली आणि तिच्यामागं सगळ्या बाया निघून गेल्या. कोणी ओरडलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

मॅनेजरनं सांगितलं, ह्या गावात नव्या मागावरचं पहिलं कापड सगळ्यांत थोर बाईच्या पेटीत जातं. बाया मागावर बसल्या नाहीत, तर उरलेले अकरा माग पेट्यांतच राहणार होते.

"मिस्तरी, ते फेकायचंच कापड होतं," मी म्हणालो. "मी इंग्रजीत व्यवस्थित पटवून देतो."

"तुमची इंग्रजी चांगलीच आहे, साहेब. पण चूक माझी आहे." ते खाली बसले. "माणसांचं सगळं विचारलं. मशीन काय, सगळीकडं सारखं, असं धरून चाललो."

नळावर बसून त्यांनी ती चिंधी तासभर धुतली. डाग गेला नाही. तशीच घेऊन आजीच्या घरासमोर उभे राहिले आणि "माफ" म्हणाले. आजीनं ती घेतली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या वेळी आजी चटईवर बसून आपल्या हातमागावर विणत होती. त्या मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं तिच्या कमरेला. ताण सैल की घट्ट, हे तिची पाठ ठरवत होती. मिस्तरी बघतच राहिले. आजीनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग पट्टा सोडला आणि त्यांच्या कमरेला बांधला.

तीन दिवस ते त्या चटईवर बसले. काम उरकून परत या म्हणून सेठचा फॅक्स आला, "काम पतावो, पाछा आवो." आमचं विमान गेलं. पाठ वाकली की आजी तळव्यानं थापटी मारायची. बाया जमून हसायच्या, मिस्तरीही हसायचे. "चाळीस वर्षं माग खोलले, जोडले," मला म्हणाले, "आत आज बसलो." ते श्वास घ्यायचे आणि समोरचे सगळे धागे हलायचे. ते पाहताना कोट घालून उभं राहायची मला लाज वाटली. मी कोट काढून खाली बसलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार बोटं कापड झालं होतं, तेही वाकडं. आजी मॅनेजरला काहीतरी म्हणाली. त्यानं मला सांगितलं, "ती म्हणते, उद्या आम्ही येतो."

त्या आल्या. पुन्हा हातभर कापड निघालं. ह्या वेळी मिस्तरींनी कात्री उजव्या हातानं आजीपुढं धरली. ती तिनं घेतली.

दोन वर्षांनी मिस्तरी गेले. घरीच, छातीत कळ येऊन. मी त्या मॅनेजरला पत्र टाकलं. महिन्यानं उत्तर आलं: बातमी कळल्यावर बायांनी बाराही माग बंद केले आणि दुपारपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

पत्र मी सेठला वाचून दाखवलं. मिस्तरी गेले त्या दिवशी आमच्या शेडमध्ये तीन माग चाचणीला लावलेले होते. फोरमन विचारायला आला होता, बंद करू का म्हणून. माल संध्याकाळी निघायचा होता. चालू ठेवा, असं मीच सांगितलं होतं.