रखमाबाईंची मोडाची जवारी

आत्ताच्या आत्ता सांगते, न्हाईतर मला पुन्हा धीर व्हायचा न्हाई. भाकरी थापायच्या राहिल्यात, सासूबाई आतून हाका मारून राहिल्यात, पण आधी हे लिहिते. माझी थोरली जाऊ रखमाबाई वारली त्याला दीड महिना झाला. मी कापूस वेचायला गेले होते. शेजारची भागू धापा टाकत आली अन् बांधावरूनच ओरडली, "कले, चाल लवकर! बाई गेल्या!" ओटीतला कापूस तसाच घेऊन मी पळत सुटले. अन् पळता पळता माझ्या मनात पहिलं काय आलं म्हणता? आता पारू माझ्याकडं येईल... बस, हेच आलं. रडू त्याच्यानंतर आलं. बाया म्हणल्या, धाकटी जाऊ असून किती रडली! मी कशापायी रडले ते मलाच म्हाईत.

पारू माझी पोरगी, सहा वर्षांची. बाईंना लेकरू न्हाई. (आमच्याकडं थोरल्या जावेला बाईच म्हणायचं, नावानं न्हाई.) आमच्या चुली वायल्या, अंगण एकच, अन् दोन खुराडी समोरासमोर, एक त्यांचं, एक माझं. माझ्या कोंबड्या सात, त्यांच्या सहा. म्हणजे मीच पुढं की न्हाई? पण श्रावण लागला की माझ्या सातजणी पिसं झाडत, अंग फुगवून कोपऱ्यात बसायच्या. अंडं म्हणून न्हाई. अन् बाईंच्या कोंबड्या भर झडीत, चार दिवस सूर्य दिसला न्हाई तरी अंडी द्यायच्या! लालबुंद तुरे, ठणठणीत आवाज. कळमनुरीच्या बाजाराला अंडी नेणारे एक म्हातारे चाचा आमच्या गल्लीत यायचे. माझ्या दारावरून सरळ पुढं जायचे अन् बाईंच्या दारात टोपली टेकवून म्हणायचे, "क्या खिलाते जी मुर्ग्यांको? जादू है क्या?" बाई पदरात तोंड लपवून हसायच्या. मी दाराआडून ऐकायची अन् हातातलं सूप आपटायची.

पण चाचा गेले खड्ड्यात, माझं दुखणं वेगळंच होतं. पारू उठली की तोंड न धुता पळायची, "मोठी आई, दिलं का गं अंडं पिवळीनं?" बाई अंडं उकडून, फुंकून फुंकून तिच्या हातावर ठेवायच्या. मग पोरगी तिथंच. तिथंच वेणी, तिथंच जेवण, तिथंच पेंग. मी हाक मारली की, "येते गं!" अन् येणार न्हाई. एकदा भागूनं गमतीनं विचारलं, "पारे, तू कोणाची गं?" पारू म्हणली, "सकाळी मोठ्या आईची, संध्याकाळी आईची." सगळ्या हसल्या. मीबी हसले. सकाळ काहून तिची, अन् माझ्या वाट्याला दमलेली, चिडकी संध्याकाळ काहून? त्या दिवशी मी ठरवून टाकलं, माझ्या कोंबड्यांनीबी अंडी द्यायला पायजेत. मग बघू पोरगी कुठं जाते.

मी बाईंना सरळ विचारलं, "बाई, तुमी कोंबड्यांना काय घालता?"

"जवारी."

"जवारी तर मीबी घालते की."

"मी मोड आणून घालते. मूठभर भिजवली की दोन मुठी होते बघ, पोटाला पुरते. तू ये की उद्या, बसून दाखवते. त्यात एक-दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या असतात."

आता जायला काय झालं होतं मला? पण मी न्हाई गेले. शिकायला गेले तर पारूसमोर मी त्यांची चेली झाले असते की! वर सासूबाई ओट्यावरून बोलल्या, "व्हय, सरकारच्या लेव्हीत पोती गेली, माणसाला दाणा पुरंना, अन् ह्यांच्या कोंबड्यांना मोड!" बाई हळूच म्हणल्या, "म्हणून तर भिजवते, आत्याबाई. दाणा कमी लागतो." सासूबाई काठी टेकत आत गेल्या. सासूबाईंना गप करणाऱ्या आमच्या घरात बाई एकट्याच. त्याचाबी मला राग आला.

मग मी काय केलं? बाई नदीवर धुणं घेऊन गेल्या तवा त्यांच्या घरात शिरले. चुलीच्या बाजूला एक फुटकी परात होती, वर ओलं फडकं. उचलून बघितलं तर बोटभर लांब हिरवेगार कोंब! मला वाटलं, घावलं! हीच ती जादू! शेजारी फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं, ते मी सोडूनसुद्धा बघितलं न्हाई. पळत घरी आले, दोन शेर जवारी भिजवली, माझ्या परातीत पसरली, रोज पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी पांढरे मोड आले. मी म्हणलं, अंहं, बाईंचे बोटभर होते, माझे दीड बोट पायजेत! सात-आठ दिवस वाढू दिले. काय हिरवी झाली होती परात, नुसतं बघत राहावं! सकाळी पारूचा हात धरला अन् म्हणलं, "बघ आता आपल्या कोंबड्या." मूठ मूठ न्हाई, सगळी परातच ओतली. सातीजणी तुटून पडल्या.

ऊन चढेस्तोवर पाच गेल्या. माना टाकल्या, चोची उघड्या, पाय ताठ. पारू माझ्याकडं बघून राहिली होती.

बाई धावत आल्या. उरलेला एक कोंब उचलून बघितला अन् कपाळाला हात लावला. "कले, ही किराळ गं! माझ्या परातीत गहू होता, जवारी शेजारच्या गाठोड्यात. गहू वाढू द्यायचा. जवारीचा नुसता पांढरा डोळा फुटला की देऊन टाकायची, वाढू द्यायची न्हाई."

आता सांगा, कोवळ्या जवारीच्या फुटव्यात गुरं सोडली की किराळ, म्हणजे कोवळ्या कोंबाचं विष, लागून पटापट मरतात, हे आमच्याकडं रांगत्या लेकरालाबी म्हाईत आहे. मी स्वतः लहानपणी काठी घेऊन बैल हाकललेत तिथून! पण रानात जे कळतं ते परातीत कळलं न्हाई मला. हेव्यानं माणसाचं असं होतं.

सासूबाई काठी टेकत आल्या, "काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणल्या, "मानमोडी आली, आत्याबाई. रोगच आहे, गावात सगळीकडं येऊन राहिला." अन् परात पदराखाली धरून उकिरड्यावर उपडी करून आल्या. माझ्यासाठी खोटं बोलल्या. तुमाला वाटेल, मी पाया पडले असेन. कुठलं काय! पारूनं ते सगळं बघितलं न, त्याचाच जाळ झाला माझा. मी कोंबड्या मारणारी, अन् त्या झाकून घेणाऱ्या!

दोन दिवसांनी बाई एक खुडूक कोंबडी अन् अकरा अंडी घेऊन दारात आल्या. खुडूक म्हणजे उबवायला बसलेली, त्यांची ती पिवळीच. "हिला तुझ्याकडं बसव. पिल्लं तुझी."

मी म्हणलं, "नको. तुमचं सगळं तुमच्याकडंच राहू द्या. पोरगीबी तिकडंच आहे, कोंबडी कशाला इकडं?"

बाईंनी अंडी पदरात सावरली. मग "बरं" म्हणल्या अन् गेल्या. बस, तेवढंच. तिथून पुढं आमी पाण्याला सोबत गेलो, शेणी थापल्या, संक्रांतीचं बोललो, पण ते "बरं" मधीच राहिलं. मग त्यांना ताप आला. हिवताप काय, सगळ्यांनाच येतो, उतरेल म्हणलं. चौथ्या दिवशी मी रानात होते अन् भागू ओरडत आली.

मग पारू आली का माझ्याकडं? न्हाई आली! रोज सकाळी उठते, बाईंच्या रिकाम्या घरात जाते, एकटी बसते अन् कोंबड्यांचं करते. आमचे थोरले दाजी, म्हणजे बाईंचे मालक, तिला डब्यातून जवारी काढून देतात अन् बाहेर जाऊन बसतात. मी मदतीला गेले तर म्हणली, "तू नको. तुला येत न्हाई." सहा वर्षांची पोरगी! खरं बोलली, म्हणून जास्त लागलं. मेलेल्या माणसाशी कसं भांडावं? जित्या होत्या तवा निदान अंगणात तोंड फिरवून जाता येत होतं.

काल न्हाई राहवलं. मी जाऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले. म्हणलं, "पारू, मला शिकव."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणली, "हात दे." माझा हात धरून भिजल्या जवारीत घातला. "असं चोळायचं. हलक्या हातानं. मग पाणी सांड. अजून एकदा. आई, जोर नको लावू, दाणा फुटतो." मी सगळं सांगेल तसं केलं. फडक्यात बांधलं, गाठ तिनंच मारली, माझी तिला पटली न्हाई. दुपारी ती तिथंच पेंगायला लागली अन् किती दिवसांनी माझ्या मांडीवर डोकं टेकवलं! मी तिच्या गालावर हात ठेवला. तिनं तो नाकाशी ओढून घेतला, वास घेतला, अन् झोपेतच म्हणली, "मोठी आई..."

भिजल्या जवारीचा आंबूस वास. बाईंच्या हाताला सदा यायचा, उठल्यावर पारूनंच सांगितलं. मला कुठं म्हाईत? मी त्यांचा हात कधी हातात घेतला होता?

पोरगी माझ्या मांडीवर, हात माझा, अन् नाव त्यांचं! जळले मी, अजूनबी जळून राहिले. पण हात काढून घेतला न्हाई. ती उठेस्तोवर पाय मुंग्यांनी भरला तरी हलले न्हाई. अन् आज सकाळी, कोणी सांगितलं नसताना, पारूच्या आधी उठून मी जवारी भिजवली.

तुमचं कधी असं झालं का हो? गेलेल्या माणसाचा हेवा वाटून राहिला, अन् त्याच्यासारखं झाल्याबगर आपलं लेकरू आपल्याजवळ येईना... असं झालं का कोणाचं? मला लिहून कळवा. मी एकटीच अशी आहे का, तेवढं मला कळू द्या.